स्पितीच्या थंडीत ड्राइव्हला घाम

परत आल्यापासून सगळे विचारतात, बर्फ कसा असतो गं? मी सांगायला लागते आणि माझी गाडी बर्फावरून डब्यावर येते. माझा इलाज नाही. स्पितीला जाऊन लोक डोंगर बघतात, मी एक प्लास्टिकचा डबा बघत बसले होते. तरी डब्याच्या आजूबाजूला जेवढं दिसलं तेवढं लिहिते. ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल. ज्यांना जायचं नाही त्यांनी पंख्याखाली बसून वाचावं.

अंधेरी

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शूटिंग झालं की कॅमेऱ्यातली कार्डं माझ्याकडे येतात. कार्डातलं सगळं मी हार्ड ड्राइव्हवर कॉपी करते. एका नाही, दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर. दोन्हीकडे नीट आलंय याची खात्री झाली की मगच कार्ड पुसायचं आणि परत द्यायचं. बस्स, एवढंच. पण यात चूक झाली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

नववीनंतर माझी शाळा सुटली. आई आजारी होती, भाऊ लहान होता. अंधेरीत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. चहा सांगण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू ड्राइव्ह लावणं, तपासणं, बिघडलेल्यातून फोटो बाहेर काढणं इथपर्यंत आले. अनघाताई तिथे गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या. त्या मुलुंडच्या, माहितीपट करतात. त्यांच्या एका ड्राइव्हमधलं काम मी वाचवलं, तर दुसऱ्या आठवड्यात परत आल्या आणि म्हणाल्या, "रेश्मा, माझ्याकडे येतेस का?" शिक्षण किती, हे त्यांनी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. मी मात्र रोज तयारीत असते, आज विचारतील, आज विचारतील म्हणून.

तर या वेळचा त्यांचा विषय असा. स्पितीतल्या एका गावात एक आजोबा आहेत. आजोबांना तिकडे मेमे म्हणतात. मेमेंना एक प्रचंड लांब गोष्ट येते, राजा, घोडा, राक्षस असलेली, अर्धी बोलायची आणि अर्धी गायची. ती कितीतरी दिवस चालते. रीत अशी की जमीन गोठलेली असतानाच ती सांगायची. नांगर बाहेर निघाला की तोंड बंद. शिवाय एका हिवाळ्यात एकदाच. मेमेंना आता दम लागतो, आणि गावात दुसऱ्या कुणाला ती पूर्ण येत नाही. म्हणून आम्ही फेब्रुवारीत निघालो, शहाणी माणसं तिकडून खाली येतात त्या दिवसांत.

ठरल्या दिवसापासून माझी झोप उडाली. जुन्या दुकानाच्या मालकांना फोन लावला. "काका, ड्राइव्ह गोठतो का?"

"गोठत नाय गं," काका म्हणाले. "आतली तबकडी गरगर फिरते ना, तिचं वंगण घट्ट होतं. गार असताना चालू केलास की अडखळणार. ते एक झालं. दुसरं म्हणजे, गार ड्राइव्ह उबदार खोलीत आणलास की त्याला घाम येतो. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवल्यावर कशी घामेजते? तसं. आणि ड्राइव्ह काय हवाबंद नसतो, श्वासाला बारीक भोक असतं त्याला. थंडीनं नाय मरत तो, उबेनं मरतो. लक्षात ठेव."

ठेवलं. त्या लक्षात ठेवण्यातूनच वाट लागली.

मी म्हटलं, बाहेरची हवा आत शिरायलाच नको. रबरी कडेचा, चारही बाजूंनी खटके असलेला डबा आणला. बुटांच्या खोक्यात ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पांढऱ्या पुड्या येतात, त्या गोळा करायला घेतल्या. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत रांग. कुणी पर्समधली पुडी आणली, कुणी गोळ्यांच्या बाटलीतली. शेजारच्या काकूंनी लग्नातल्या शालूच्या खोक्यातली दिली. "इतकी वर्षं जपली होती गं. फेकवत नव्हती. घे, तुझ्या कामाला येऊ दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या खोलीतच, गॅसवर भात शिजत असताना, मी दोन्ही नवे ड्राइव्ह त्या पुड्यांच्या गादीवर ठेवले, डबा बंद केला आणि वरून चिकटपट्टी फिरवली.

आईने ठेचा आणि जवसाची चटणी बांधून दिली. म्हणाली, "तिकडं बुद्धाची मोठमोठी विहारं हायेत म्हणं. मेणबत्ती लाव एक. माझ्या नावानं नको, तुझ्या त्या डब्याच्या नावानं लाव, तेवढीच तुला झोप लागंल."

खालून वर

विमानाने चंदीगड, तिथून गाडी. गाडी तेनझिनची. तो त्याच गावचा, मेमेंचा नातू. गाडीही तोच चालवायचा आणि आमच्यासाठी दुभाषाही तोच. मुंबईहून आम्ही दोघी आणि तिसरा आमचा कॅमेरामन पक्या. बोरिवलीचा.

सिमल्याला गाडीतून उतरले आणि दातावर दात आपटायला लागले. पक्या अंगात पातळ जाकीट घालून उभा. "मला काय नाय होत. आपण नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो. थंडीची सवय आहे."

"रे पक्या," अनघाताई म्हणाल्या, "तिकडे वर हिमबिबट्या असतो. तुमच्या सोसायटीत येतो तो नव्हे."

पुढे किन्नौरमध्ये रस्ता कड्याच्या पोटातून जातो. वर दगड लटकलेला, खाली सतलज, आणि मध्ये तेनझिन एका हाताने गाडी वळवत दुसऱ्या हाताने सफरचंद खातोय. मी डबा मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते. एका ढाब्यावर राजमा-भात खाल्ला तो मात्र विसरणार नाही. ढाबेवाल्या बाईने मला चुलीच्या अगदी जवळ बसवलं, माझ्या मांडीवरचा डबा बघून विचारलं, "बच्चे का खाना?" मी मान हलवली. खोटं पण नव्हतं.

बर्फ पहिल्यांदा दिसला तो रस्त्याच्या कडेला, काळा, डिझेलने मळलेला. मला वाटलं कुणीतरी राडारोडा टाकलाय. पक्या एवढा हसला की गाडी थांबवावी लागली. मग वर, अजून वर गेल्यावर तो पांढरा झाला आणि मग दुसरं काही उरलंच नाही. आमच्याकडे रिकामी जागा दिसली की आधी मनात येतं, इथे काय बांधणार? तिथे तसं काही मनात येईना. त्याचीही जराशी भीती वाटली.

मेमेंचं घर

मातीच्या भिंतींचं, सपाट छपराचं घर. छपरावर जळण रचलेलं. आत शिरल्यावर आधी एक अंधारी, थंडगार पडवी, मग जाड दार, आणि मग घरातली एकुलती एक उबदार खोली. मध्यभागी लोखंडी शेगडी. तिला ते तंदूर म्हणतात, पण रोटीचा नव्हे. पत्र्याचा चौकोनी डबाच, त्याचं नळकांडं छपरातून बाहेर गेलेलं. त्यावर सतत काहीतरी उकळत असतं. माणसं, भांडी, ओले मोजे, सगळं त्याच्याभोवती. हिवाळाभर घर म्हणजे तेवढीच खोली.

अनघाताई आत शिरल्या आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या. "अगंबाई, दिसेना काही!" म्हणून त्या भिंतीला हात लावत उभ्या राहिल्या. सगळे हसले. मी मात्र डबा घट्ट धरला. जे चष्म्याचं झालं ते ड्राइव्हचं होणार. काका म्हणाले होते तो घाम हाच.

घरची मालकीण म्हणजे तेनझिनची आई, मेमेंची सून. तिला सगळे आमा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. गोल चेहरा, गालांवर थंडीने पडलेल्या लाल रेषा. तिचा एक कायदा होता: पाहुण्याची कुठलीही गोष्ट गार राहता कामा नये. पडवीत बूट काढले की दहा मिनिटांत शेगडीपाशी. पाण्याची बाटली शेगडीपाशी. पक्याची टोपी, ताईंचे हातमोजे, सगळं शेगडीपाशी, रांगेत. आमच्याकडे पाहुणा आला की पंखा फुल्ल करतात, त्यातलाच हा प्रकार.

कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती. तिच्यापुढे पितळी वाट्यांत पाणी, आणि सकाळी त्या पाण्याचा बर्फ झालेला. मी हात जोडून त्रिसरण म्हणायला लागले, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. आमाने ते बघितलं. तेनझिनला काहीतरी म्हणाली. "दीदी, आमा पूछती है, आपके घर में भी यही है?"

"यही है," मी म्हटलं. पण तसं म्हटलं तरी तिकडचं सगळं वेगळं. आमच्या विहारात पांढरी साडी, मेणबत्ती, फुलं, स्वच्छ ट्यूबलाइट. इथे लोण्याचे दिवे, भिंतीवर डोळे वटारलेले देव, आणि मेमे ढोल वाजवत प्रार्थना म्हणतात. तरी आमाने त्या दिवसापासून मला आपल्या शेजारी बसवायला सुरुवात केली. माझा ठेचा चाखून तिला ठसका लागला, डोळे पुसले आणि परत बोट पुढे केलं.

पहिल्या सकाळी डबा उघडला. झाकणाच्या आतून बारीक बारीक थेंब. कोपऱ्यात तर चक्क बर्फाची कळी. एक ड्राइव्ह बोटाला ओला लागला.

मी तिथेच खाली बसले. बाहेरची हवा आत आली नव्हती. कशी येईल, चिकटपट्टी तशीच होती. आत होती ती आमचीच हवा, जोगेश्वरीची, शिजत्या भाताच्या वाफेची, खटके लावून मी स्वतः आणलेली. इथे गार पडल्यावर तिने पाणी सोडलं. आणि त्या पुड्या? चाळीतल्या सगळ्या पुड्या पावसाळ्यांमागून पावसाळे कपाटात पडून आपापल्या वाट्याची ओल पिऊन कधीच तट्ट झाल्या होत्या. त्या आता काय शोषणार? हे मला कळायला हवं होतं. मुंबईच्या माणसाला कोरडी हवा म्हणजे काय तेच मुळात माहीत नाही, म्हणून कळलं नाही.

"तांदळात टाक," पक्या म्हणाला. "मोबाइल नाय का टाकत?"

"गप रे. तांदळाची धूळ आत गेली म्हणजे?"

शेवटी मी पुड्या फाडून दाणे बिस्किटांच्या पत्र्याच्या झाकणावर पसरले आणि शेगडीच्या कडेवर भाजायला ठेवले. रवा भाजतात तसे, चमच्याने हलवत. आमा त्याच वेळी सातू भाजत होती, वाळूत, लोखंडी तव्यावर. माझ्या झाकणात डोकावून तिने काहीतरी म्हटलं आणि मेमे तोंडाला हात लावून हसायला लागले.

तेनझिन म्हणाला, "आमा बोल रही है, तुम्हारा सत्तू तो कभी पकेगा नहीं."

दाणे कोरडे झाले. ड्राइव्ह पुसून, त्या दाण्यांत ठेवून, अख्खा एक दिवस वाट बघून मग चालू केले. दोन्ही चालले. मी बाहेर जाऊन बर्फात उभी राहिले आणि थोडी रडले. रडताना पापण्या चिकटतात तिकडे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट सुरू झाली

मेमे सकाळी जेवण झाल्यावर बसायचे, उन्हाचा चौकोन खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर जाईपर्यंत. गावातली माणसं यायची, सूत कातत, जपमाळ ओढत ऐकायची. मला शब्द कळत नव्हते. घोडा आला की कळायचं, मेमे मांडीवर टापा वाजवायचे. राक्षस आला की म्हाताऱ्या बायका आधीच तोंड वाकडं करायच्या, त्यांना तो पाठ होता.

मी मात्र घोडा बघायचा की कार्डं बघायची? माझा दिनक्रम ठरून गेला. ड्राइव्ह रात्री माझ्याबरोबर झोपायच्या पिशवीत. बाहेर न्यायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड बंद करून. परत आत आणला की पिशवी उघडायची नाही. घाम येऊ दे, पिशवीला बाहेरून येऊ दे. मी ती मधूनमधून गालाला लावून बघायची. गालाला गार लागणं थांबलं की मगच उघडायची. तोवर ताई येरझाऱ्या घालायच्या. "झालं का गं? कार्डं संपली माझी."

"ताई, थोडं अजून."

"मघाशीपण थोडंच होतं."

मग एका दुपारी दोनपैकी एक ड्राइव्ह टिकटिकायला लागला. पहिल्या दिवशी बोटाला ओला लागला होता तोच. नखाने टेबलावर वाजवावं तसा आवाज, आणि मग गप्प. परत लावला, परत टिकटिक. तो गेला. आतलं कधीतरी दुकानात उघडून कळलं असतं, पण तिथे नाही. कार्डं मोजकी होती, रोज पुसून परत वापरावी लागत होती. लॅपटॉपच्या पोटात एका दिवसाचं मावेल एवढीही जागा नव्हती. तालुक्याच्या बाजारातली दुकानं हिवाळ्यासाठी बंद. म्हणजे त्या दिवसापासून मेमेंची सगळी गोष्ट एकाच ड्राइव्हवर.

मी ताईंना सांगितलं. वाटलं, आता बोलतील. ताई म्हणाल्या, "मग तू त्याला सोडू नकोस म्हणजे झालं." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमाची ऊब

गोष्टीचा शेवटचा भाग उरला होता. त्या सकाळी ताईंना मेमे बाहेर चालताना हवे होते, झऱ्यापर्यंत. झरा नावाला, सगळा गोठलेला. कार्ड बदलायला मला बरोबर जावं लागलं. ड्राइव्ह बाहेरच्या वाऱ्यात कशाला न्या, म्हणून मी तो पिशवीत बंद करून, लोकरीच्या टोपीत गुंडाळून, पडवीतल्या फळीवर ठेवला. पडवी गार असली तरी कोरडी होती. परत आल्यावर हळूहळू आत नेईन, असा विचार.

आम्ही परतलो तर आमा दारातच उभी. हात हातात घेऊन मला आत घेऊन गेली, फार खूश. शेगडीच्या वरच्या फळीवर, थुक्पाच्या, म्हणजे तिकडच्या शेवयांच्या सूपच्या, रटरटणाऱ्या पातेल्याच्या शेजारी, माझी टोपी, पक्याचे मोजे आणि ड्राइव्ह. उघडा. पिशवी बाजूला घडी करून ठेवलेली, कारण शेगडीजवळ प्लास्टिक वितळतं ना. किती नीट विचार केला होता तिने.

"गरम कर दिया," आमा म्हणाली.

ड्राइव्हवर सगळीकडून थेंब होते. पातेल्याची वाफ त्याच्यावरून जात होती. एक ओघळ भोकाच्या बाजूने खाली आला होता. आमाने तो आपल्या पदरासारख्या फडक्याने प्रेमाने पुसला.

पक्याच्या तोंडून शिवी गेली. ताई हळूच जमिनीवर बसल्या. आमाचा चेहरा आमच्या चेहऱ्यांवरून फिरला, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

मी ड्राइव्ह घेतला, कोरड्या कापडाने टिपला, दाणे परत भाजले, गार होऊ दिले, आणि त्यांच्यासोबत डब्यात ठेवून शेगडीपासून दूर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला.

"लावून बघूया ना," ताई म्हणाल्या. "एकदाच. नुसतं दिसतंय का ते."

"नाही ताई."

"रेश्मा, मला कळलं पाहिजे. गेलंय की आहे?"

"आत्ता लावला तर कळेल. पण आत पाणी असेल तर कळता कळताच जाईल. आता नाही. मुंबईला गेल्यावर."

ताईंना मी आजवर नाही म्हटलेलं नव्हतं. म्हटलं आणि जाऊन डब्यापुढे बसले. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तू म्हणशील तेव्हा."

त्यांनी तेनझिनला विचारायला सांगितलं, मेमे परत सांगतील का, निदान मधला भाग? मेमेंनी ऐकून घेतलं. मग खूप समजुतीने, जणू आम्हीच लहान आहोत अशा आवाजात बोलले. तेनझिनने सांगितलं ते असं: ज्यांना गोष्टीत घरी पोचवलंय, त्यांना त्याच हिवाळ्यात पुन्हा घराबाहेर काढत नाहीत. त्यांनाही थंडी वाजते. पुढच्या वर्षी या. मी असलो तर.

शेवटचा भाग त्यांनी दुपारी सांगितला. तो कार्डांवरच ठेवला, पुसला नाही. बाकी सगळं त्या कोपऱ्यातल्या डब्यात.

आमाने संध्याकाळी मला एकटीला गाठलं. तिचं हिंदी तेवढंच, माझं थोडं जास्त. "मैंने बिगाड़ दिया?"

नाही म्हणता आलं असतं. तिने मला शेजारी बसवून जेवू घातलं होतं. पण उद्या खरं कळलं तर त्या 'नाही'चं काय करायचं? मी म्हटलं, "पता नहीं, आमा. मुंबई जा के पता चलेगा."

त्यानंतर तिने आमच्या वस्तूंना हात लावला नाही. सकाळी पडवीत माझे बूट जसे काढले तसेच होते, आत लाकडासारखे कडक. ते पायात घालताना जे वाटलं, ते थंडीमुळे नव्हतं.

निघताना तिने सगळ्यांच्या गळ्यात पांढरे रेशमी पट्टे घातले, तिकडची निरोपाची रीत. माझ्या गळ्यात घालताना वर बघितलं नाही. मेणबत्ती मी आदल्या दिवशी गोंपात, म्हणजे तिकडच्या विहारात, लावली होती. आई म्हणाली होती डब्याच्या नावाने. मी आमाच्या नावाने लावली.

परतीचा रस्ता

डबा मांडीवर. गाडी खड्ड्यातून गेली की मी ढुंगण उचलायची, म्हणजे धक्का मला बसेल, त्याला नाही. पक्या बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "आण इकडे, थोडा वेळ मी धरतो." पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. मी दिला नाही, पण बरं वाटलं.

चंदीगडच्या विमानतळावर तपासणीला डबा बाजूला काढला. जवानाने आत बघितलं. "ये क्या है? मोती?"

"नहीं साहब, नमी सोखने के दाने."

"भुने हुए लगते हैं."

"भूने हैं."

त्याने माझ्याकडे, मग डब्याकडे बघितलं, आणि जा म्हणून हात केला. ड्राइव्ह काढून हलवला असता तर मी तिथेच कोसळले असते.

पुन्हा अंधेरी

आमचं एडिटिंग चालतं त्या स्टुडिओत एसी नेहमीसारखा कडक. मी आधी तो बंद करायला लावला. बाहेरची दमट हवा आत, आतली गार बाहेर, त्यात ड्राइव्ह मध्येच सापडायला नको. दिवसभर डबा तसाच. एडिटर घाम पुसत होता, "काय चाललंय यार, हार्ड ड्राइव्ह आहे की बाळंतीण?" ताई त्याला म्हणाल्या, "ती सांगेपर्यंत एसीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला. ड्राइव्ह गालाला लावून बघितला. केबल जोडली.

आधी काहीच नाही. मग आत काहीतरी फिरायला लागलं, एकसारखं, मऊ. मी टिकटिक ऐकू येईल म्हणून श्वास धरून होते. आली नाही. पडद्यावर फोल्डर उमटले, एकेका दिवसाचा एकेक. ताईंचा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्यांनी एवढा दाबला की वळ उठला असेल.

"लाव, लाव, मेमे लाव!"

"थांबा ताई. आधी कॉपी. कुणी काही उघडायचं नाही."

कॉपी संपेपर्यंत दुपार झाली. कुणी जेवायला गेलं नाही. पक्या खिडकीत बसून होता, ताई जिन्यात. दोन नव्या ड्राइव्हवर सगळं उतरलं, मी दोन्हीकडचं तपासलं, आणि मग मधला एक दिवस उघडला. मेमे. मांडीवर टापा वाजवत.

मी ताईंना विचारलं नाही. सरळ तेनझिनला फोन लावला आणि म्हटलं, आमाला दे. आमा फोनवर आली. तिच्या मागे शेगडीवर काहीतरी रटरटत होतं. मी फोन स्पीकरजवळ धरला. अंधेरीत मेमे गात होते, आणि तिकडे बर्फात आमाने मोठ्याने मेमेंना हाक मारली.

मग मेमेंचाच आवाज, खराखुरा, फोनमधून. तेनझिन हसत हसत सांगायला लागला, "मेमे बोल रहे हैं, ये बुड्ढा कौन है? खाँसता बहुत है."

मागे आमा हसली. मग फोन तिच्याकडे गेला.

"नहीं बिगड़ा?"

"नहीं बिगड़ा, आमा. सब है. पूरा है."

तिने परत विचारलं. मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, हळू आवाजात, आणि तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे ते मलाही खरं वाटलं.